एफडीएचं पत्र अमेरिकेत, कारखाना महाराष्ट्रात: 'यूएस एजंट' नेमताना काय पाहावं

तासगावचा बेदाणा, रत्नागिरीचा डबाबंद आमरस, जळगावचे केळ्याचे वेफर्स, बचत गटाचे मसाले आणि भाजणी. महाराष्ट्रातून अमेरिकेला जाणाऱ्या अशा मालाच्या कागदपत्रांत एक नाव असतं आणि त्याच्याकडे बरेच निर्यातदार वर्षानुवर्षं ढुंकूनही पाहत नाहीत. ते नाव असतं 'यूएस एजंट'चं, म्हणजे एफडीए या अमेरिकी सरकारी यंत्रणेशी संपर्कासाठी नेमलेल्या तिथल्या प्रतिनिधीचं. नोंदणी करून देणाऱ्याने फॉर्ममध्ये कुणाचं तरी नाव टाकलेलं असतं, त्याचे पैसे दिलेले असतात, माल निघतो आणि विषय मागे पडतो.

अमेरिकेचा नियम मात्र असा आहे की एफडीएने तुमच्या यूएस एजंटला जे कळवलं, ते तुम्हाला कळवल्यासारखंच धरलं जातं. एजंट एफडीएला जे सांगेल, तेही तुम्हीच सांगितलं असं मानलं जातं. एजंटने ई-मेल उघडलाच नाही, किंवा उघडून तुम्हाला पाठवायचा राहिला, तरी 'आम्हाला कळलंच नाही' हे उत्तर चालत नाही. ज्या माणसाच्या कानावर पडलं की तुमच्या कानावर पडल्यासारखं होणार आहे, तो माणूस कोण, हे तुम्ही स्वतः ठरवायला हवं. ते कसं ठरवायचं, कागदावर कसं आणायचं आणि पुढे कसं चालवायचं, हे या लेखात क्रमाने सांगतो.

सुरुवातीलाच एक खुलासा. आपल्याकडे 'एफडीए' म्हटलं की महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन डोळ्यांसमोर येतं. त्याचा इथे संबंध नाही. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना, आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, अपेडा (शेतमाल निर्यातीसाठीचं केंद्राचं प्राधिकरण) किंवा मसाला मंडळाची नोंदणी हे सगळं भारताच्या बाजूचं झालं. या लेखात एफडीए म्हणजे अमेरिकेचं फूड अँड ड्रग ॲडमिनिस्ट्रेशन.

नोंदणी कुणाला लागते

अमेरिकेने २००२ साली जैविक दहशतवादाच्या भीतीपोटी एक कायदा केला. त्यानुसार १२ डिसेंबर २००३ पासून, अमेरिकेत खाल्ला जाणारा पदार्थ जिथे बनतो, प्रक्रिया होतो, पॅक होतो किंवा साठवला जातो, अशा प्रत्येक जागेची एफडीएकडे नोंदणी लागते. जागा अमेरिकेबाहेर असेल तर सोबत यूएस एजंटही द्यावा लागतो. पुढे ४ जानेवारी २०११ रोजी मंजूर झालेल्या अन्नसुरक्षा कायद्याने दर दोन वर्षांनी नूतनीकरणाची अट घातली.

'जागा' हा शब्द नीट लक्षात घ्या. नोंदणी कंपनीची होत नाही, जागेची होते. एकाच मालकाचे दोन कारखाने असतील तर नोंदण्याही दोन. आमरसाचे डबे रत्नागिरीत भरले आणि बंदरात जाण्याआधी भिवंडीच्या गोदामात ठेवले, तर त्या गोदामाचीही नोंदणी हवी. इथे बऱ्याच जणांची गाडी अडते, कारण गोदाम भाड्याचं असतं आणि त्याच्या मालकाला या प्रकाराचा पत्ताच नसतो.

सूटही आहे. शेताला नोंदणी लागत नाही. तुमच्याकडून माल घेऊन भारतातलाच दुसरा कारखाना त्यावर पुढची प्रक्रिया किंवा पॅकिंग करून अमेरिकेला पाठवत असेल, तर नोंदणी त्याने करायची, तुम्ही नाही. मात्र त्याने नुसतं लेबल चिकटवलं असेल तर ही सूट मिळत नाही. मोठ्या ब्रँडला माल पुरवणाऱ्या छोट्या युनिटांनी हा मुद्दा त्या ब्रँडकडून लेखी खुलासा घेऊन मिटवावा.

एजंटचं काम काय, आणि काय नाही

यूएस एजंट म्हणजे एफडीए आणि तुमच्यामधला संपर्काचा दुवा. रोजचा पत्रव्यवहार त्याच्यामार्फत होतोच. नोंदणीत तुम्ही दुसरा आपत्कालीन संपर्क दिला नसेल, तर तातडीच्या प्रसंगी एफडीए त्यालाच फोन करतं. तपासणीची पूर्वसूचना, नोंदणीतल्या त्रुटी, एखाद्या पदार्थामुळे लोक आजारी पडल्यावरची चौकशी, या सगळ्या गोष्टी त्याच्याकडे येऊ शकतात.

पैशांची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. तपासणीत गंभीर त्रुटी सापडल्या आणि त्या दुरुस्त झाल्या की नाही हे पाहायला एफडीएला पुन्हा यावं लागलं, तर त्या फेरतपासणीचं शुल्क परदेशी कारखान्याच्या बाबतीत यूएस एजंटकडून वसूल करण्याची कायद्यात तरतूद आहे. न्यू जर्सीतल्या भाच्याचं नाव 'फक्त पत्त्यापुरतं' टाकणाऱ्यांनी हे त्याला आधी सांगायला हवं. नात्यात न सांगता असं ओझं टाकणं बरोबर नाही.

आता एजंटच्या गळ्यात नसलेली कामं. प्रत्येक खेपेआधी एफडीएला द्यायची मालाची पूर्वसूचना सहसा आयातदार किंवा कस्टम्स ब्रोकर (सीमाशुल्काचं काम पाहणारा दलाल) भरतो. माल बंदरात अडकला तर त्याची नोटीस आयातदार, माल घेणारा आणि ब्रोकर यांच्याकडे जाते. यूएस एजंटला ती येईलच असं धरून बसू नका. परदेशी पुरवठादाराची पडताळणी, म्हणजे एफएसव्हीपी, हीसुद्धा वेगळी जबाबदारी आहे. ती अमेरिकेतल्या आयातदारावर असते. तिथे मालाचा मालक किंवा माल घेणारा कुणी नसेल, तर या कामासाठी नेमलेल्या अमेरिकेतल्या प्रतिनिधीची स्वतंत्र लेखी संमती लागते आणि नोंदणीतला यूएस एजंट आपोआप हा प्रतिनिधी होत नाही. एकाच माणसाने दोन्ही कामं घेतली तर हरकत नाही, पण दोन्हींचे कागद वेगळे हवेत.

कुणाला नेमावं

कायद्याच्या अटी मोजक्याच आहेत. एजंट व्यक्ती असू शकते किंवा संस्था. तो अमेरिकेत राहणारा असावा किंवा तिथे त्याचं व्यवसायाचं ठिकाण असावं, आणि त्या ठिकाणी तो प्रत्यक्ष हजर असायला हवा. नुसती टपालपेटी, निरोप नोंदवून घेणारं यंत्र किंवा फोन उचलणारी सेवा चालत नाही. एका नोंदणीला एकच एजंट देता येतो.

व्यवहारात तीन पर्याय समोर येतात.

पहिला आयातदार. तो धंद्यातला असतो, इंग्रजी पत्रव्यवहाराची त्याला सवय असते आणि तो बहुतेकदा हे काम फुकट करतो. धोका असा की तुमच्या कारखान्याबद्दलचं प्रत्येक सरकारी पत्र तो तुमच्या आधी वाचणार. उद्या दरावरून वाजलं, पैसे थकले किंवा तुम्ही दुसऱ्या ग्राहकाला माल द्यायला लागलात, की हीच सोय अडचण होते. एकच खरेदीदार असेल आणि संबंध जुने असतील तर हा पर्याय ठीक. दुसरा खरेदीदार आला की बदला, हे माझं स्पष्ट मत.

दुसरा पर्याय नातेवाईक किंवा मित्र. विश्वास असतो, पण तो नोकरी करून संध्याकाळी घरी येतो, एफडीएचे ई-मेल जाहिरातींच्या ढिगात जातात आणि सुट्टीत तो महिनाभर पुण्याला येऊन राहतो. त्याचा तिथे स्वतःचा व्यवसाय असेल, दिवसा फोन उचलला जात असेल आणि फेरतपासणीच्या शुल्काची गोष्ट ऐकूनही तो तयार असेल, तरच त्याला विचारा.

तिसरा पर्याय व्यावसायिक एजंट सेवा. वार्षिक शुल्क घेऊन अशा संस्था शेकडो कारखान्यांसाठी हे काम करतात. शुल्काचा आकडा शेवटी विचारा. आधी हे विचारा: पत्र आल्यापासून किती तासांत पाठवता? फोन करता की नुसता ई-मेल? तुमच्या सुट्टीच्या दिवशी कोण पाहतं? एफडीएला आमच्या वतीने उत्तर देण्याआधी आमची परवानगी घेता का? करार संपल्यावर पत्रं आली तर त्यांचं काय करता? या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर पुढे जाऊ नका. आणि कुणी 'एफडीए सर्टिफिकेट'च्या नावाखाली पैसे मागत असेल तर सावध व्हा. खाद्यपदार्थांच्या कारखान्याची एफडीए नोंदणी मोफत असते आणि एफडीए तिचं कुठलंही प्रमाणपत्र देत नाही. भिंतीवर लावलेली ती चकचकीत फ्रेम खासगी संस्थेने छापलेली असते. नोंदणी झाली म्हणजे एफडीएने तुमच्या मालाला मान्यता दिली, असाही अर्थ होत नाही.

करार: तोंडी बोलण्यावर सोडू नका

एफडीए करार मागत नाही, म्हणून तो कुणी करत नाही. पण पुढे प्रश्न उभा राहिला की आधार त्याचाच असतो. दोन पानी करार पुरतो. त्यात हे मुद्दे घाला.

एजंट एफडीएचं प्रत्येक पत्र, ई-मेल आणि फोनचा निरोप एका कामकाजी दिवसाच्या आत पाठवेल. तपासणी किंवा तातडीचा विषय असेल तर त्याच दिवशी फोन करेल. कुठल्या दोन क्रमांकांवर आणि कुठल्या दोन ई-मेलवर, ते करारातच लिहा. न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. त्यांची दुपार म्हणजे आपली रात्र, म्हणून रात्री उचलला जाणारा एक क्रमांक त्यात हवाच.

तुमच्या लेखी संमतीशिवाय एजंट एफडीएला कारखान्याबद्दल काहीही सांगणार नाही, हे कलम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्याचं बोलणं तुमचं मानलं जाणार असल्यामुळे त्याने चांगल्या हेतूने मारलेली थापही तुमच्या गळ्यात येते. अमेरिकी सरकारला खोटी माहिती देणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे.

फेरतपासणीचं शुल्क एजंटकडे आलं तर ते तुम्ही किती दिवसांत भरून द्याल, ते लिहा. एजंट सोडून जाणार असेल तर किमान ६० दिवस आधी कळवेल आणि नवा एजंट नोंदला जाईपर्यंत आलेली पत्रं पाठवत राहील, हेही घाला. शुल्क परदेशात पाठवताना बँकेच्या आणि कर कपातीच्या कागदांसाठी सीएला आधी विचारून घ्या.

प्रत्यक्ष नोंदणी

सुरुवात डन्स क्रमांकापासून करा. एफडीएला कारखान्याचा एक स्वतंत्र ओळख क्रमांक लागतो आणि त्यासाठी डन अँड ब्रॅडस्ट्रीट या संस्थेचा डन्स क्रमांक चालतो. तो मोफत मिळतो, पण वेळ लागू शकतो, म्हणून पहिल्या खेपेच्या बराच आधी अर्ज टाका. इथे अडतो तो पत्ता. डन्सच्या नोंदीत 'गट नंबर' आणि एफडीएच्या फॉर्ममध्ये 'सर्व्हे नंबर', एकीकडे 'तालुका' आहे तर दुसरीकडे नाही, अशा फरकांमुळे पडताळणी अडकते. कारखान्याचं नाव आणि पत्ता इंग्रजीत एकदाच, एका कागदावर, स्वल्पविरामासकट ठरवा. एफएसएसएआय, डन्स, एफडीए आणि इनव्हॉइस या सगळीकडे तोच मजकूर वापरा.

मग एफडीएच्या संकेतस्थळावर 'इंडस्ट्री सिस्टम्स' विभागात खातं उघडा. सल्लागाराकडून काम करून घेत असलात तरी खातं तुमच्या कंपनीच्या ई-मेलवर उघडा आणि पासवर्ड तुमच्या ताब्यात ठेवा. हा ई-मेल एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक नावाचा नसावा. माणूस नोकरी सोडतो आणि त्याच्याबरोबर खात्याची किल्लीही जाते.

खात्यातल्या फूड फॅसिलिटी नोंदणीत कारखान्याचा पत्ता, मालक, पदार्थांचे प्रकार, काम कुठल्या प्रकारचं, हंगामी असेल तर महिने, अशी माहिती भरावी लागते. एफडीएला तपासणी करू देण्याची हमीही त्यातच असते. हंगामी कामाच्या रकान्याला आपल्याकडे महत्त्व आहे. आमरसाचा कारखाना एप्रिल ते जूनच चालत असेल तर तसं लिहा. नाहीतर तपासणी अधिकारी नोव्हेंबरात कुलूपबंद फाटकापाशी येऊन उभा राहील.

यूएस एजंटच्या भागात त्याचं नाव, रस्त्याचा पूर्ण पत्ता, फोन आणि ई-मेल येतो. काही एजंट एफडीएच्या ऐच्छिक ओळख प्रणालीत आधीच नोंदलेले असतात, त्यांचा क्रमांक तिथे टाकता येतो. व्यावसायिक एजंट निवडताना हा क्रमांक आहे का, ते विचारा. नसेल तर अर्ज सादर झाल्यावर एफडीए एजंटला संमतीची विचारणा करतं. त्याने होकार दिल्याशिवाय नोंदणी पक्की होत नाही आणि क्रमांक मिळत नाही. म्हणून अर्ज पाठवण्याच्या दिवशीच एजंटला फोन करा आणि ई-मेल येईल, स्पॅममध्येही पाहा, असं बजावून सांगा. कुणाचं नाव त्याला न विचारता टाकलेलं असेल तर ते याच टप्प्यावर उघडं पडतं.

आपत्कालीन संपर्काचा रकाना मोकळा सोडू नका. तिथे कारखान्यातल्याच, इंग्रजी बोलू शकणाऱ्या आणि चोवीस तास फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव द्या. रकाना मोकळा राहिला तर तातडीच्या वेळीही एफडीए एजंटलाच गाठेल आणि मधला वेळ वाया जाईल.

लोणच्यासारख्या आम्ल घालून टिकवलेल्या आणि कमी आम्लाच्या डबाबंद पदार्थांना याशिवाय प्रक्रियेची वेगळी नोंदणी लागू शकते. तुमचा पदार्थ त्यात बसतो का, हे अन्न तंत्रज्ञाकडून लेखी घ्या.

क्रमांक मिळाल्यानंतर

पहिल्याच आठवड्यात एक चाचणी करा. एजंटला न सांगता दुसऱ्या ई-मेलवरून त्याच्या नोंदलेल्या पत्त्यावर एक साधा मजकूर पाठवा: 'अमुक कारखान्यासाठी चाचणी संदेश, कृपया करारानुसार पुढे पाठवा.' तो तुमच्याकडे किती वेळात येतो ते पाहा. त्याच्या फोनवर अमेरिकेच्या कामकाजाच्या वेळेत एकदा फोनही करा. जो चाचणीतच तीन दिवस घेतो, तो खऱ्या पत्राला घाई करेल असं मानायला काही आधार नाही.

आपल्या बाजूची साखळीही बांधून ठेवा. एजंटकडून आलेलं पत्र उघडायला दोन माणसं नेमा, एक रजेवर असेल तर दुसरा पाहील. एक साधी वही ठेवा. तिच्यात पत्र एजंटकडे कधी आलं, आपल्याला कधी मिळालं, उत्तराची मुदत काय, उत्तर कधी गेलं, एवढे चार रकाने पुरे. पहिल्या दोन तारखांमधलं अंतर वाढायला लागलं की एजंटशी बोला.

सगळ्यांत घाईचा विषय तपासणीचा. एफडीएने तपासणीची विनंती केल्यापासून २४ तासांत, किंवा दोघांनी ठरवलेल्या वेळेत, प्रवेश दिला नाही तर कायद्याने तो नकार धरता येतो. मग त्या कारखान्याचा माल अमेरिकेत शिरू दिला जात नाही. म्हणून अशा ई-मेलला त्याच दिवशी पोच द्या. तारीख जमत नसेल तर कारण देऊन दुसरी मागा, पण गप्प बसू नका. मे २०२५ मध्ये एफडीएने परदेशातल्या अघोषित तपासण्या वाढवण्याचं जाहीर केलं आहे, तेव्हा पूर्वसूचना येईलच असंही धरता येत नाही. तपासणीअंती अधिकाऱ्याने त्रुटींचा फॉर्म ४८३ हातात दिला, तर १५ कामकाजी दिवसांत लेखी उत्तर पाठवण्याची रीत आहे. हा फॉर्म कारखान्यातच मिळतो, एजंटमार्फत येण्याची वाट पाहू नका.

खोटी पत्रंही येतात. 'तुमची नोंदणी आज रद्द होतेय, लगेच पैसे भरा' असा ई-मेल आला तर दुव्यावर टिचकी मारण्याआधी स्वतःच्या खात्यात जाऊन नोंदणीची स्थिती पाहा. एफडीए नोंदणीसाठी पैसे घेत नाही, हे आठवलं तरी अशी बहुतेक पत्रं ओळखता येतात.

नूतनीकरण आणि एजंट बदलणं

नूतनीकरण सम वर्षांत, १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात होतं. म्हणजे २०२४, २०२६, २०२८ असं. नोंदणी विषम वर्षात केलेली असली तरी पुढच्या सम वर्षात नूतनीकरण करावंच लागतं. मुदत हुकली की नोंदणी संपते आणि नव्याने करावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे दिवाळी आणि डिसेंबराच्या शेवटी तिकडे नाताळ. एजंटने संमती द्यायला आठवडा घेतला तर हातात काही उरत नाही. दसऱ्याच्या सुमारास हे काम उरकून टाका.

एजंट बदलला, त्याचा फोन किंवा पत्ता बदलला, किंवा तुमच्या नोंदणीतली दुसरी कुठलीही आवश्यक माहिती बदलली, तर ६० दिवसांत नोंदणी अद्ययावत करावी लागते. बदलताना क्रम असा ठेवा. नव्या एजंटची लेखी संमती घ्या, करारावर सह्या करा, खात्यातलं नाव बदला, त्याचा होकार एफडीएकडे पोहोचल्याची खात्री करा. त्यानंतरच जुन्याला पत्र द्या. जुन्याशी वाद असेल तरी त्याचं थकलेलं बिल चुकतं करा आणि मधल्या काळातली पत्रं पाठवण्याची लेखी कबुली घ्या.

खातं जुन्या सल्लागाराच्या ताब्यात असेल आणि तो पासवर्ड देत नसेल, तर भांडणात वेळ घालवू नका. मालकीचे पुरावे आणि नोंदणी क्रमांक जोडून एफडीएच्या नोंदणी मदत कक्षाला कंपनीच्या ई-मेलवरून लिहा. नोंदणी क्रमांकच माहीत नसेल तर जुन्या खेपांच्या पूर्वसूचनेच्या पोचपावत्या आयातदाराकडून मागवून घ्या, त्यांत तो सापडू शकतो.